प्रकल्पात जमीन जाते तेव्हा : पुनर्वसनास पात्र कोण?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बियाणे, खत, पाणी आणि कीड हे आमचे नेहमीचे विषय. आज मात्र मूळ जमीनच हातून जाण्याची वेळ येते तेव्हा काय करावे, याबद्दल आपल्याशी बोलणार आहे. कृषिविद्या शिकवणाऱ्याने या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो.

माती नमुने घेण्याच्या कामासाठी मी एका गावी गेलो होतो. तेथे साठवण तलाव होणार होता आणि संयुक्त मोजणी नुकतीच झालेली होती. मोजणी मे महिन्यात झाली. एका शेतकऱ्याच्या दोन एकरांतील खोडवा मोडून रान नांगरून पडले होते. त्याची विहीर सामाईक बांधावर, पण तिची नोंद भावाच्या गटावर. याच्या सातबाऱ्यावर विहीर नाही आणि दोन वर्षांची पीकपाहणीही कोरी. मोजणीच्या कागदावर शेरा पडला, 'जिरायत'. ज्या रानातून दरसाल कारखान्याला ऊस जात होता, ते रान कागदावर कोरडवाहू झाले.

त्याच शेतात नऊ वर्षे वाट्याने राबणारे एक भूमिहीन कुटुंब होते. मोजणीच्या दिवशी ते घरीच बसून राहिले. 'आपल्या नावावर काही नाही, आपला तिथे काय संबंध?' असे घरच्या कर्त्याने मला सांगितले. गावाबाहेरच्या वस्तीवर एक विधवा बाई दोन मुलांसह राहत होती. घर दिराच्या नावावर, म्हणून यादीत तिचे वेगळे नावच नव्हते.

या तिघांचेही नुकसान कायद्यात तरतूद नाही म्हणून होत नव्हते. तरतूद होती, पण ती आपल्याला लागू आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी हाताशी कागद नव्हता. म्हणून आज प्रामुख्याने दोनच गोष्टी सांगायच्या आहेत : पात्र कोण, आणि पात्रता सिद्ध कशाने होते.

कायदे कोणते?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. धरणासाठी जमिनी जाण्याविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या साथीने सत्याग्रह केला. कोयनेचे धरण झाले तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. पुढे धरणग्रस्तांच्या चळवळीतून 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी उभी राहिली आणि १९७६ मध्ये आपल्या राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा केला. त्यानंतर १९८६ चा आणि मग १९९९ चा 'महाराष्ट्र प्रकल्पबाधित व्यक्तींचे पुनर्वसन अधिनियम' आला.

केंद्राचा १८९४ चा जुना भूसंपादन कायदा जाऊन त्याच्या जागी २०१३ चा कायदा आला व तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आहे. त्याचे नाव लांबलचक आहे, पण त्यात 'वाजवी भरपाई', 'पारदर्शकता' आणि 'पुनर्वसन' हे तीन शब्द आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. जुन्या कायद्यात मालकाला पैसे दिले की शासनाचे काम संपत असे. नव्या कायद्यात मोबदला वेगळा आणि पुनर्वसन वेगळे. दोन्हींचे निवाडे वेगळे. राज्याच्या कायद्यात किंवा धोरणात याहून अधिक लाभ असेल, तर तो निवडण्याची मुभाही कलम १०८ ने दिलेली आहे.

राष्ट्रीय महामार्गाची जमीन १९५६ च्या वेगळ्या कायद्याने घेतली जाते. परंतु २०१३ च्या कायद्यातील मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या तरतुदी केंद्र सरकारच्या २८ ऑगस्ट २०१५ च्या आदेशाने महामार्गालाही लागू करण्यात आल्या. तेव्हा 'हे महामार्गाचे काम आहे, इथे पुनर्वसन नसते' असे कोणी सांगितले तर ते मानू नये. फक्त हरकतीची मुदत तेथे कमी, म्हणजे अधिसूचनेपासून २१ दिवसांची आहे, आणि मोबदला कमी वाटल्यास लवादाकडे जावे लागते.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये २०१३ च्या कायद्यात दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक आघात मूल्यमापनातून सूट देण्याची सोय केली आहे. म्हणून आपल्या गावात मोजणीची चाहूल लागताच पहिला प्रश्न हाच विचारावा : 'आमची जमीन कोणत्या कायद्याखाली घेत आहात?' उत्तर लेखी मागावे. पुढच्या साऱ्या मुदती त्या उत्तरावर अवलंबून असतात.

'बाधित कुटुंब' म्हणजे कोणते?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. २०१३ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये 'बाधित कुटुंब' या शब्दाची व्याख्या आहे. आपल्या उपयोगापुरती ती अशी सांगता येईल :

१) ज्यांची जमीन किंवा इतर स्थावर मालमत्ता संपादन झाली ते कुटुंब.

२) स्वतःची जमीन नसलेले, परंतु संपादनापूर्वी ३ वर्षे त्या क्षेत्रात शेतमजूर, कूळ, वाटेकरी किंवा कारागीर म्हणून काम करणारे आणि संपादनामुळे ज्यांचे उपजीविकेचे मुख्य साधन गेले असे कुटुंब.

३) वनहक्क कायदा, २००६ खाली मान्य झालेला हक्क ज्यांनी गमावला ते आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासी.

४) ३ वर्षे जंगलावर किंवा पाण्यावर पोट असलेले, म्हणजे वनोपज गोळा करणारे, मासेमारी करणारे, नावाडी.

५) शासनाच्या एखाद्या योजनेत ज्यांना जमीन वाटपात मिळाली होती आणि आता तीच जमीन संपादनात जात आहे असे कुटुंब.

शहरी भागात ३ वर्षे राहणाऱ्या किंवा तेथे पोट असणाऱ्या कुटुंबांचाही समावेश आहे.

येथे 'बाधित' आणि 'विस्थापित' हा फरक नीट समजून घ्यावा. ज्याची जमीन गेली पण घर शाबूत आहे, तो बाधित. ज्याला राहते ठिकाण सोडून दुसरीकडे वसावे लागते, तो विस्थापित. प्रत्येक विस्थापित हा बाधित असतोच, पण प्रत्येक बाधित विस्थापित नसतो. काही रकमा सर्व बाधितांना आहेत, तर काही फक्त विस्थापितांना.

दुसरा शब्द 'कुटुंब'. एका सातबाऱ्यावर किंवा एका शिधापत्रिकेवर जेवढी नावे, तेवढ्यांचे एक कुटुंब, असा आपला समज असतो. या कायद्यात तसे नाही. पती, पत्नी, अज्ञान मुले आणि अवलंबून असलेली अज्ञान भावंडे मिळून एक कुटुंब. सज्ञान व्यक्ती, मग ती पुरुष असो वा स्त्री, विवाहित असो वा अविवाहित, वेगळे कुटुंब धरली जाते. विधवा, घटस्फोटित आणि टाकून दिलेल्या स्त्रिया यांनाही वेगळे कुटुंब मानावे, असे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. वस्तीवरील त्या बाईचे वेगळे नाव यादीत यायला हवे होते, ते याच आधारे.

मात्र याचा अर्थ जमिनीचा मोबदला प्रत्येक सज्ञान माणसाला वेगळा मिळतो, असा नव्हे. मोबदला जमिनीतील हिश्श्याप्रमाणे. वेगळे कुटुंब धरले जाते ते पुनर्वसनाच्या लाभांसाठी.

मिळते काय?

पुनर्वसनाचे लाभ कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दिले आहेत. त्यांतील मुख्य असे :

१) विस्थापित कुटुंबाचे ग्रामीण भागातील घर गेल्यास घरकुल योजनेच्या मापाचे बांधलेले घर, किंवा कुटुंबाची इच्छा असल्यास घराच्या किमतीइतकी रक्कम. स्वतःची घरजागा नसलेले, पण अधिसूचनेपूर्वी सलग ३ वर्षे तेथे राहणारे विस्थापित कुटुंबही यास पात्र आहे. गायरानात किंवा दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

२) पाटबंधारे प्रकल्पात जमीन गेलेल्या शेतकऱ्यास, शक्य असेल तेथवर, मोबदल्याच्या बदल्यात लाभक्षेत्रात किमान १ एकर जमीन. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास कोणत्याही प्रकल्पात गेलेल्या जमिनीइतकी किंवा अडीच एकर, यांपैकी जी कमी असेल तेवढी जमीन.

३) प्रकल्पातून नोकऱ्या निर्माण होत असल्यास एकास नोकरी, किंवा प्रत्येक बाधित कुटुंबास एकरकमी ५ लाख रुपये, किंवा २० वर्षे दरमहा किमान २ हजार रुपये. या तिन्हींतून एक निवडायचे असते.

४) विस्थापित कुटुंबास निर्वाहासाठी एक वर्ष दरमहा ३ हजार रुपये आणि सामान हलवण्यासाठी ५० हजार रुपये.

५) गुरे किंवा लहान दुकान असलेल्या कुटुंबास गोठा अथवा दुकानासाठी किमान २५ हजार रुपये. कारागीर व लहान व्यापारी यांनाही किमान २५ हजार रुपये.

६) प्रत्येक बाधित कुटुंबास एकरकमी ५० हजार रुपये पुनर्स्थापना भत्ता.

याखेरीज राज्य शासनाच्या गट क आणि गट ड च्या नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी जिल्हा पुनर्वसन कार्यालयाचा प्रकल्पग्रस्त दाखला लागतो. एका खात्यावर एकाच व्यक्तीस त्याचा लाभ होतो, म्हणून नाव कोणाचे द्यायचे हे घरात बसून आधीच ठरवावे. पुष्कळ घरांत भावाभावांत वाद होतो तो याच दाखल्यावरून.

एक शेरा चुकला तर किती नुकसान?

मोबदल्याचे गणित थोडक्यात पाहू, कारण येथे शेतीशास्त्राचा संबंध येतो. प्रथम बाजारभाव ठरतो. मुद्रांक शुल्काचा दर आणि जवळपासच्या गावांतील आधीच्या ३ वर्षांच्या खरेदीखतांपैकी वरच्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी, यांत जो अधिक तो धरतात. ग्रामीण भागात त्यास १ ते २ यांमधील गुणकाने गुणतात. आपल्या प्रकल्पास कोणता गुणक लागू केला हे विचारून घ्यावे. त्यात घर, विहीर, झाडे यांची किंमत मिळवतात. जी बेरीज येईल तेवढीच आणखी रक्कम दिलासा म्हणून मिळते. शिवाय बाजारभावावर ठरावीक काळासाठी दरसाल १२ टक्के वेगळे.

समजा, १ हेक्टर बागायत जमिनीचा बाजारभाव १० लाख रुपये धरला आणि गुणक २ आहे. झाले २० लाख. विहीर व झाडे ३ लाखांची. झाले २३ लाख. दिलासा रकमेसह ४६ लाख. आता विहीर आणि झाडे नोंदवायची राहिली तर हाती येतात ४० लाख. म्हणजे ३ लाखांची नोंद राहिली की ६ लाखांचे नुकसान. आणि तीच जमीन जिरायत लिहून ६ लाख भाव धरला गेला, तर झाडे-विहीर सोडूनही ४० लाखांच्या जागी २४ लाख होतात. एका शब्दाने १६ लाखांचा फरक पडतो. 'बघू पुढे' म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नाही.

घराचे मूल्यांकन अभियंत्याने आणि झाडे व पिके यांचे मूल्यांकन शेती, फलोत्पादन, वनीकरण यांतील जाणकारांनी करावयाचे असते. अशा मूल्यांकनास येणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर दिसते ते आणि कागदावर असते तेवढेच लिहिता येते. आंब्याचे झाड आहे एवढे लिहिणे पुरेसे नाही. जात, वय, लागवडीचे अंतर, पाणी कशाने देता, उत्पन्न किती, हे सारे सांगावे. कलम केलेल्या १२ वर्षांच्या झाडाची आणि बांधावरच्या रायवळ रोपाची किंमत एक होत नाही. विक्रीच्या पट्ट्या, बागेच्या कर्जाची कागदपत्रे, ठिबक संचाचे बिल दाखवावे. जमिनीखालची जलवाहिनी कोणाच्या नजरेस पडत नाही. तिची लांबी, व्यास आणि बिल स्वतःहून पुढे करावे. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. काही राहिले असल्यास सहीच्या वरच तसे लिहावे आणि प्रत मागून घ्यावी.

आज घरी जाऊन काय तपासावे?

प्रकल्प येवो अथवा न येवो, पुढील कागद नीट असणे प्रत्येकाच्या हिताचे आहे.

सातबारा आणि ८-अ काढून पाहा. वडील वारले आणि नावे अजून त्यांचीच, ही स्थिती गावोगाव दिसते. वारसनोंद तलाठ्याकडे अर्ज देऊन करून घ्यावी. बहिणींची नावे लावण्याचे टाळू नये. त्यांचा हक्क कायद्याने आहेच, आणि त्या पुढे हरकत घेऊन आल्या तर सर्वांचीच रक्कम अडकून पडते. वाटणी खरी झालेली असेल तर तिची नोंद वेळीच करावी. पुनर्वसन कायद्याची अधिसूचना निघाल्यावर बुडीत आणि लाभक्षेत्रातील जमिनीची विक्री व वाटणी परवानगीशिवाय करता येत नाही. २०१३ च्या कायद्यातही प्राथमिक अधिसूचनेनंतर व्यवहारांस मनाई आहे. यादीत जास्त नावे यावीत म्हणून ऐन वेळी केलेली कागदी वाटणी टिकत नाही. खऱ्या वाटणीलाही मग संशयाने पाहिले जाते.

विहीर, कूपनलिका आणि फळझाडे यांची नोंद सातबाऱ्यावर आहे का, ते पाहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली असून आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करावयाची आहे. 'अनुदान नाही तर नोंद कशाला?' असे म्हणून ती टाळू नका. उन्हाळ्यात रान मोकळे असताना मोजणी झाली, तर तुमच्या बागायतीची साक्ष ती नोंदच देते. वीजपंपाची बिले, पाणीपट्टीच्या पावत्या, कारखान्याची ऊसबिले आणि सोसायटीच्या पीककर्जाचे उतारे एका पिशवीत जपून ठेवावेत.

घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. वस्तीवरचे घर, गोठा, कांदाचाळ यांची नोंद करून घ्यावी आणि घरपट्टीची पावती ठेवावी. वेगळ्या चुली असतील तर शिधापत्रिकाही वेगळ्या करून घ्याव्यात. घर पत्नी व पती अशा दोघांच्या नावे करता येते आणि पुनर्वसनात मिळणारे घरही दोघांच्या नावे घेता येते.

वाटेकरी व मजूर बंधूंनी ३ वर्षांचा पुरावा जमवावा. मतदार यादी, शिधापत्रिका, मुलांच्या शाळेचा दाखला, रोजगार हमीचे जॉबकार्ड यांतून राहण्याचा पुरावा मिळतो. कामाचा पुरावा अवघड. तो मालकाच्या पत्रातून, शेजाऱ्यांच्या जबाबातून आणि ग्रामसभेतून उभा करावा लागतो.

येथे जमीनमालकांना दोन शब्द सांगणे भाग आहे. वाट्याने शेत दिले होते असे लिहून द्यायला आपण घाबरतो, कूळ लागेल म्हणून. ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, म्हणून काय लिहायचे ते जाणकार वकिलाला दाखवून लिहावे. पण जे खरे आहे, म्हणजे अमुक कुटुंब अमुक वर्षांपासून माझ्या शेतात वाट्याने किंवा मजुरीने काम करते, तेवढे लिहून देण्यास हरकत नसावी. दुसऱ्या अनुसूचीतील त्यांचा लाभ तुमच्या मोबदल्यातून कापला जात नाही. तो प्रकल्प करणाऱ्या यंत्रणेने द्यावयाचा असतो. तुमचे एक पत्र नसेल, तर ज्यांच्या हातांनी तुमचे रान पिकले त्यांना गाव सोडताना काहीच मिळणार नाही.

मुदती सांभाळा

प्राथमिक अधिसूचना निघाली की ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देता येते. पुनर्वसन प्रशासक बाधित कुटुंबांची पाहणी व गणना करतो. त्या दिवशी घरातील कर्ते माणूस, आणि वेगळे कुटुंब धरले जावे अशी प्रत्येक व्यक्ती, गावात हजर असावी. ऊसतोडीला गेलेल्यांना निरोप धाडावा. गणनेवरून तयार झालेल्या आराखड्यावर जनसुनावणी होते. ही सुनावणी म्हणजे यादी दुरुस्त करण्याची सर्वांत स्वस्त आणि सोपी जागा. यादी मोठ्याने वाचायला लावावी. ज्याचे नाव नाही त्याने तेथेच अर्ज देऊन पोच घ्यावी.

पुढे मोबदल्याच्या निवाड्यासोबत प्रत्येक कुटुंबाचा पुनर्वसनाचा निवाडाही कलम ३१ नुसार व्हावयास हवा. त्यात आपल्या कुटुंबाला घर, जमीन, भत्ते यांपैकी काय मिळणार ते लिहिलेले असते. त्याची प्रत मागा. मोबदला मान्य नसेल तर रक्कम घेताना 'हरकत राखून स्वीकारली' असे लिहिल्याशिवाय सही करू नये. न लिहिता घेतली तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. हा अर्ज निवाड्याच्या वेळी हजर असल्यास ६ आठवड्यांत करावा. इतरांसाठी नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती धरावी.

मोबदला निवाड्यापासून ३ महिन्यांत आणि पुनर्वसनाच्या रोख रकमा ६ महिन्यांत द्याव्यात, त्यानंतरच ताबा घ्यावा, असा कायदा आहे. पाटबंधारे प्रकल्पात तर जमीन पाण्याखाली जाण्याच्या ६ महिने आधी पुनर्वसन पुरे व्हावयास हवे. निवाड्याने मिळालेल्या मोबदल्यास कलम ९६ नुसार प्राप्तिकर लागत नाही, हेही माहीत असावे.

अलीकडे थेट खरेदीखताने जमीन घेण्याची पद्धतही रूढ झाली आहे. पैसे लवकर मिळतात, हा तिचा गुण. परंतु खरेदीखतात मालकाचे नाव येते, वाटेकऱ्याचे येत नाही. एकरकमी रकमेत पुनर्वसनाचे लाभ धरले आहेत किंवा नाहीत, हे सहीपूर्वी लेखी विचारावे. खरेदीखत आपखुशीचे असल्याने नंतर भाव कमी पडला म्हणून दाद मागणे कठीण जाते.

पर्यायी जमीन पाहताना

१९९९ च्या कायद्याखाली लाभक्षेत्रातील जमीन हवी असल्यास मुदतीत लेखी मागणी करावी लागते आणि मोबदल्यातील ६५ टक्के रक्कम जमिनीच्या किमतीपोटी द्यावी लागते. पूर्वीच्या अनेक धरणग्रस्तांनी पूर्ण रक्कम उचलली, ती घरात खर्च झाली, आणि पुढे जमिनीचा हक्क सिद्ध करताना त्यांना कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. म्हणून जमीन हवी की पैसा, हे रक्कम उचलण्यापूर्वी ठरवावे.

जमीन पाहायला एकट्याने जाऊ नये आणि पावसाळ्यानंतर एकदा, उन्हाळ्यात एकदा, अशी दोनदा पाहावी. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातील भात-नाचणी करणारी माणसे सांगली-सोलापूरच्या काळ्या रानात गेली. तेथे त्यांना शेती नव्याने शिकावी लागली. तांबड्या जमिनीत पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी काम करता येते. भारी काळ्या जमिनीत वाफसा येईपर्यंत थांबावे लागते, आणि पाणी जास्त झाले तर जमीन बिघडते.

रानात तीन-चार ठिकाणी कमरेएवढे खड्डे घ्यावेत. हातभर खोलीवर मुरूम लागला तर उसाचा बेत बदलावा लागेल. पांढऱ्या चुनखडीचे खडे जास्त असल्यास फळबागेस जमीन योग्य नाही. वाळल्यावर वर पांढरा क्षार फुललेला दिसला, किंवा ओली असताना अति चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी टणक झाली, तर क्षारपड अथवा चोपण जमिनीची शंका घ्यावी. मातीचे नमुने जवळच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. सामू ८.५ च्या वर असेल तर जमीन सुधारण्यास जिप्सम, निचरा आणि काही वर्षांचा काळ लागतो. लाभक्षेत्र म्हटले तरी पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोहोचते का, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे. वाटेचा हक्क कागदावर आहे का, तेही पाहावे. जमीन नापसंत असेल तर माती परीक्षणाचा अहवाल जोडून लेखी कळवावे. तोंडी नकार दिला तर 'देऊ केली, घेतली नाही' एवढीच नोंद राहते.

शेवटी त्या गावाचे काय झाले ते सांगतो. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याने कारखान्याची सहा वर्षांची बिले, वीजबिले आणि भावाचे संमतिपत्र जोडून मुदतीत हरकत दिली. फेरपाहणी झाली आणि त्याची जमीन बागायत लागली. वाटेकरी कुटुंबाला पत्र द्यायला तो पंधरा दिवस कचरला, पण अखेर त्याने वकिलाला दाखवून पत्र दिले. सुनावणीत ते नाव यादीत आले. वस्तीवरच्या बाईला मात्र सुनावणीची तारीख कोणी कळवलीच नाही. तिचा अर्ज मागाहून गेला. मी शेवटचे विचारले तेव्हा तो निकाली निघालेला नव्हता. तिची पात्रता इतर दोघांपेक्षा कमी नव्हती. तिला एक निरोप मिळाला नाही, एवढेच.

तेव्हा माझी आपणांस विनंती आहे. गावात मोजणीची नोटीस लागली की आपला सातबारा काढालच. त्याच दिवशी आपला वाटेकरी, शेजारची विधवा बाई आणि परगावी कामाला गेलेला भाऊबंद यांनाही निरोप द्या. प्रकल्प सर्वांच्या हिताचा असतो असे आपण म्हणतो, तर त्याची झळ सोसणाऱ्यांपैकी एकाही पात्र माणसाचे नाव यादीबाहेर राहू नये, हे पाहणे गावाच्या हातात आहे.